वरठी येईपर्यंत

मंडळी, एक सोपा प्रश्न. शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजता एचआरकडून 'दोन मिनिटं बोलू या का?' असा मेसेज आला तर तुमच्या पोटात काय होतं?

माझ्या रूममेटच्या पोटात काहीच झालं नाही म्हणे. तिला वाटलं, अप्रेझलचं असेल. लॅपटॉप घेऊन बाल्कनीत गेली आणि सात मिनिटांनी परत आली. सहा वर्षांची नोकरी सात मिनिटांत गेली! आम्ही त्या रात्री पिझ्झा मागवला, कंपनीला भरपूर शिव्या घातल्या, 'तुझा सीव्ही सॉलिड आहे, महिन्याभरात उडी मारशील' वगैरे नेहमीचे डायलॉग झाले. अशा वेळी आपण सगळे बोलतो तेच.

आणि रविवारी सकाळी भंडाऱ्याहून फोन आला. तिच्या बाबांना लकव्याचा झटका आला होता. उजवी बाजू गेली होती, बोलणंही नीट येत नव्हतं. दोन दिवसांत दोन दणके. आता यावर सांगा कुठला डायलॉग मारायचा?

आम्ही दोघी भंडाऱ्याच्या. एकाच शाळेतल्या, एकाच बाकावरच्या. पुण्यात आल्यावर भाडं परवडेना म्हणून रूममेट झालो. मी फ्रीलान्स, म्हणजे माझी नोकरी जाऊच शकत नाही, कारण मुळात ती नाहीच. म्हटलं, मीही येते तुझ्याबरोबर. तत्काळमध्ये महाराष्ट्र एक्स्प्रेसची स्लीपरची दोन तिकिटं मिळाली. ही गाडी कोल्हापूरहून निघते, रात्री पुणं सोडते आणि अख्खा महाराष्ट्र आडवा कापून गोंदियाला जाते. भंडारा शहरात ती जातच नाही. आपलं भंडारा रोड स्टेशन म्हणजे वरठी, शहरापासून दहाएक किलोमीटरवर. संपूर्ण रात्र आणि जवळजवळ पूर्ण दिवस. डोक्यात विचार घोळवायला भरपूर वेळ.

गाडी सुटली. मैत्रिणीनं साइड बर्थवर पाय जवळ घेतले, डोळे मिटले, मान खाली घातली. ती ख्रिश्चन आहे. रोज झोपण्याआधी प्रार्थना करते, मला सवय आहे. पण त्या रात्री का कोण जाणे, माझं डोकंच सटकलं. मी पडले 'सण आला की आरती, परीक्षा आली की बाप्पा' या कॅटेगरीतली. न राहवून बोललेच, "एवढं सगळं झाल्यावरसुद्धा तू देवाला थँक्यू म्हणतेयस?"

तिनं डोळे उघडले. "थँक्यू कुठं म्हणतेय? भांडतेय त्याच्याशी."

"मग? काय म्हणतोय तो?"

"काही नाही. ऐकतोय." असं म्हणाली आणि बॅगेतून एक जुनं, कव्हर फाटलेलं पुस्तक काढून माझ्याकडे सरकवलं. "झोप येत नसेल तर हे वाच. आजीचं आहे. आणि मला दहा मिनिटं भांडू दे."

पुस्तक होतं लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे'. शाळेत त्यातला धडा वाचला होता, तेवढीच ओळख. मोबाइलच्या उजेडात वाचायला लागले, मध्येच नेटवर्क मिळालं की काहीबाही शोधत राहिले. आणि हळूहळू लक्षात आलं की ज्या रुळांवरून आम्ही चाललोय, त्याच रुळांच्या कडेला ही सगळी गोष्ट घडलेली आहे. फक्त गाडी ती उलटी वाचत जाते, शेवटाकडून सुरुवातीकडे.

पुणं सोडलं की दौंडच्या अलीकडे केडगाव लागतं. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन इथलं. रमाबाईंचा बायोडेटा आपण 'थोर समाजसुधारक' एवढ्यावर संपवतो. पण वैयक्तिक आयुष्याची यादी काढा. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आई, वडील आणि बहीण गेले. १८८० मध्ये भाऊ गेला. १८८२ मध्ये नवरा. वयाच्या चोविशीच्या आसपास ही बाई विधवा, पदरात तान्ही मुलगी, माहेर म्हणावं असं कुणीच उरलेलं नाही. १८८३ मध्ये तिनं इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यावरून इकडे केवढा गहजब झाला, ते सांगायला नकोच.

पण मला अडकवलं ते पुढच्या एका गोष्टीनं. १८९६-९७ मध्ये पुन्हा मोठा दुष्काळ पडला, तेव्हा रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुलींना, तरुण विधवांना घेऊन आल्या. थोड्याथोडक्या नाहीत, शेकड्यांनी. ज्या मध्य प्रांतात त्या गेल्या, त्यात तेव्हा आपला भंडारा जिल्हाही होता. म्हणजे बघा, ज्या दुष्काळानं तिचं घर पुसून टाकलं, त्याच दुष्काळाच्या तोंडात ही बाई स्वतःहून परत गेली. माझं जे झालं ते का झालं, याचं उत्तर तिला मिळालं असेल का, कोण जाणे. ती उत्तराची वाट बघत थांबली नाही, एवढं मात्र नक्की.

मध्यरात्र उलटून गेल्यावर नगर आलं. आताचं अहिल्यानगर. नारायण वामन टिळक इथं बरीच वर्षं राहिले. फुलामुलांचे कवी म्हणून आपण त्यांना ओळखतो. बालकवी ठोंबरे त्यांच्याच घरी राहिलेले. नगरनंतर राहुरी. बाहेर मिट्ट काळोख होता, स्टेशन कधी मागे पडलं कळलंही नाही. पण पुस्तकात मी तेव्हा राहुरीलाच होते.

त्याआधी थोडा फ्लॅशबॅक. टिळक म्हणजे आजच्या भाषेत पक्के जॉब हॉपर. मास्तरकी, कीर्तनं, कविता, संपादन, या गावाहून त्या गावाला. डोकं तल्लख, खिसा रिकामा, स्वभाव तापट. काही मुलं तान्हेपणीच गेली. नागपूरला काही काळ संस्कृत ग्रंथांचं काम केलं, आणि पुढे राजनांदगाव संस्थानात नोकरीच्या शोधात निघाले. १८९३ चा सुमार. नागपूरहून राजनांदगावला जाणारी आगगाडी. डब्यात एक युरोपियन प्रवासी भेटला. गप्पा झाल्या, कवितेवर, धर्मावर. उतरायच्या वेळी त्यानं टिळकांच्या हातात 'नवा करार' ठेवला आणि तो वाचण्याचं वचन घेतलं. पुस्तक काही फार आवडलं नाही, पण शब्द दिला होता. मग मत्तयच्या शुभवर्तमानातलं डोंगरावरचं प्रवचन आलं आणि टिळक तिथं थांबले. शोक करणाऱ्यांना धन्य म्हणणारं, शत्रूवर प्रेम करा म्हणणारं, उद्याची चिंता उद्यावर सोडा म्हणणारं ते प्रवचन. या माणसाच्या डोक्यात वर्षानुवर्षं जे प्रश्न घोंघावत होते, त्यांना इथं काहीतरी सापडलं.

आता नकाशा उघडा. नागपूरहून राजनांदगावला जायचं तर कामठी, मग भंडारा रोड, तुमसर रोड, वैनगंगेचा पूल, तिरोडा, गोंदिया, आमगाव, सालेकसा. गोंदिया जिल्हा वेगळा झाला १९९९ मध्ये. त्याआधी हा सगळा भंडारा जिल्हाच. म्हणजे मराठी साहित्यातला तो फेमस प्रवास आपल्या जिल्ह्याला उभा चिरून गेलेला आहे! शाळेत बारा वर्षं काढली, पण हे आम्हाला कुणी सांगितलं नाही.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. तोही कुणा गोऱ्या पाद्र्याकडून नाही, तर तुकाराम नथोजी या मराठी पाळकाकडून, कारण त्यांना तसंच हवं होतं. सिनेमा असता तर इथं म्युझिक वाजून 'द एन्ड' आला असता. हीरोला आशेचा किरण मिळाला, घरी जा.

पण या पुस्तकाची लेखिका हीरो नाहीये, हीरोची बायको आहे. आणि नवऱ्याला जिथं आशा मिळाली, तिथंच तिच्यावर आभाळ कोसळलं. लहानगा दत्तू कडेवर. नवरा असून नसल्यासारखा. जग विचारणार, कुजबुजणार. आणि ती कुठल्या घरातली? वडिलांच्या सोवळ्याचा कहर असा की मीठसुद्धा धुऊन घ्यायचं! त्या घरात वाढलेल्या बाईचा नवरा ख्रिस्ती झाला. ती पार खचली, आजारी पडली. शाळेची पायरीही न चढलेली ही बाई त्या दुःखात कविता करायला लागली. चार-पाच वर्षं दोघं वेगळे राहिले.

इथं मी पुस्तक बंद केलं आणि समोरच्या बर्थकडे बघितलं. मैत्रीण जागीच होती.

"हे बरंय," मी म्हटलं. "त्याला शांती मिळाली, बिल हिनं भरलं."

"हो," ती म्हणाली. "लक्ष्मीबाईंनी ते लपवलेलं नाही, म्हणून तर आजीला हे पुस्तक आवडायचं. पुढं वाच ना."

पुढे वाचलं. लक्ष्मीबाई नवऱ्याकडे परत आल्या, पण आपला धर्म, आपलं सोवळं घेऊन. एकाच संसारात दोन चुली, दोन पाणवठे म्हणा ना. टिळकांनी जबरदस्ती केली नाही. मग राहुरीला असताना या बाईनं स्वतःच विचार करायला सुरुवात केली. देवानं माणसात जाती केल्या असत्या, तर जनावरांसारखा दिसण्यात फरक ठेवला नसता का? मग या जाती कुणी केल्या? आणि एक दिवस ठरवलं, इथून पुढे कुणाच्याही हातचं खायचं, प्यायचं. टिळकांच्या बाप्तिस्म्यानंतर पाच वर्षांनी, १९०० मध्ये तिनंही बाप्तिस्मा घेतला.

टिळकांना पुस्तकातून वाट सापडली, हिला माठातल्या पाण्यातून. त्याचा प्रवास एक्स्प्रेस, हिची पॅसेंजर, प्रत्येक स्टेशनावर थांबत, क्रॉसिंगला ताटकळत. आणि खरं सांगू का, मला ही पॅसेंजर जास्त ओळखीची वाटली. कारण आपल्यापैकी कितीजणांना आशा अशी एका झटक्यात, डोंगरावरच्या प्रवचनातून वगैरे मिळते? आपलं आज थोडं, उद्या थोडं. परवा पुन्हा शून्य. मग परत थोडं.

सकाळी जळगाव गेलं, भुसावळ गेलं. जळगाव-भुसावळच्या मध्ये भादली आहे. १९१८ मध्ये बालकवी याच स्टेशनाजवळ रेल्वेखाली गेले. टिळक दांपत्यानं ज्याला पोटच्या पोरासारखं सांभाळलं, तो मुलगा. त्याच्या पुढच्या वर्षी टिळकही गेले. त्याआधी १९१७ मध्ये त्यांनी साताऱ्याला 'देवाचा दरबार' सुरू केला होता. मिशनचा पगार सोडला, नाव-जात-चर्च न बघता येशूच्या मागे येणाऱ्या सगळ्यांसाठी दार उघडं ठेवलं. सातारा आमच्या गाडीनं पुण्याच्या आधीच मागे टाकलेलं. लक्ष्मीबाई पुढे सतरा वर्षं जगल्या, १९३६ पर्यंत. सगळं लिहिलं, आणि ज्या प्रसंगांवर इतरांनी टाहो फोडला असता, ते हसत हसत लिहिलं.

संध्याकाळी वरठीला उतरलो. समोर सनफ्लॅगच्या कारखान्याचा धूर, रिक्षावाल्यांचा कलकलाट, हवेत ओल्या धानाचा वास. मैत्रिणीची आई हॉस्पिटलच्या दारात उभी होती. पोरीला बघून रडेल असं वाटलं, तर म्हणाली, "आली का पोरी? जेवली का तू?"

आता खरी गोष्ट इथून पुढे आहे.

दुसऱ्या दिवशी त्यांचे एक लांबचे पाहुणे भेटायला आले. बसले, चहा घेतला. मग मैत्रिणीला बाजूला घेऊन म्हणाले, "बाळा, विश्वास कमी पडतोय तुमचा. विश्वासानं मागितलं असतं तर एव्हाना तुझे बाबा उठून चालले असते." आणि वर दोन-चार चमत्कारांची उदाहरणं. ती काही बोलली नाही. पण ते गेल्यावर जिन्यात बसून जी रडली! नोकरी गेली तेव्हा रडली नव्हती, फोन आला तेव्हा रडली नव्हती.

मला सुचेना काय बोलावं. एरवी मीच बोलले असते, 'बघ, म्हणून मी या भानगडीत पडत नाही.' पण ट्रेनमधली रात्र डोक्यात होती. म्हटलं, "अगं, रमाबाईंची मुलगी मनोरमा त्यांच्या आधी गेली ना? १९२१ मध्ये?"

"हो. आणि रमाबाई १९२२ मध्ये."

"मग त्यांचा विश्वास कमी पडला होता का? सबंध बायबलचं मराठीत भाषांतर केलं त्या बाईनं."

ती नाक पुसत हसली. "तू कधीपासून पाळक झालीस?"

तेवढ्यात चर्चमधले एक काका आले. शाळेतून रिटायर झालेले. त्यांनी चमत्कार वगैरे काही काढलं नाही. खिशातून वहीचा फाडलेला कागद काढला. त्यावर सात वार लिहिलेले होते, आणि प्रत्येक वारापुढे नाव. रात्री बाबांजवळ कोण थांबणार, त्याची पाळी. सोमवारी स्वतः काका. मंगळवारी एक रिक्षा चालवणारा दादा. बुधवारी शेजारचे मुसलमान चाचा, कारण 'ते म्हणाले, माझंही नाव टाका.' आईचं नाव नव्हतंच. मैत्रिणीचं होतं ते थेट शुक्रवारपुढे. काका तिला म्हणाले, "तोपर्यंत तू झोप. आणि नोकरीचे अर्ज काय ते भर. बाबांना आम्ही बघतो." एक छोटी प्रार्थना केली, पाऊण मिनिटाची असेल, आणि सायकलवर टांग मारून गेले.

मी त्या कागदाचा मोबाइलवर फोटो काढलाय. हल्ली आपल्याकडे आशा म्हणजे काय, तर इन्स्टावरचा सूर्योदय आणि त्यावर इंग्रजीतलं वाक्य. पॉझिटिव्ह रहा, बॉस! पण पॉझिटिव्ह राहण्याचं कामसुद्धा आपण एकट्यानंच करायचं असतं. जमलं नाही तर त्याचा वेगळा गिल्ट. पाहुण्यांच्या बोलण्यात नेमकं तेच तर होतं, फक्त भाषा देवाची. उलट काकांच्या कागदावर कुठलंच आश्वासन नव्हतं. बाबा बरे होतील असं कुठंही लिहिलं नव्हतं. एवढंच होतं की बुधवारी रात्री तू एकटी नसशील.

मैत्रिणीला विचारलं, हे तर कुठल्याही धर्माचे, किंवा धर्म न मानणारे लोकही करू शकतात ना? म्हणाली, "करतातच की. चाचांनी केलं. पण मला हे जिथून शिकायला मिळालं, ती जागा ही आहे. ज्याच्यावर माझा विश्वास आहे ना, तो स्वतः दुःखातून सुटला नव्हता गं. क्रुसावर गेला. आणि शेवटच्या रात्री बागेत त्यानं मित्रांना काय मागितलं? की माझ्याबरोबर जागे रहा. ते झोपले, तो भाग वेगळा."

गेथशेमानेच्या बागेतली ती रात्र. मला तेव्हा कळलं की काकांचा तो कागद कुठून आला.

उगाच रंगवून सांगत नाही, आजचं स्टेटस असं आहे. बाबांचा उजवा हात अजून उचलत नाही. फिजिओथेरपी चालू आहे. डॉक्टर म्हणतात, वेळ लागेल, किती ते सांगता येत नाही. झटक्यानंतर लगेच हॉस्पिटल गाठलं, हे फार बरं झालं असंही ते म्हणाले. म्हणजे प्रार्थना करा, पण अॅम्ब्युलन्स आधी बोलवा, हे माझ्याकडून फुकटचं अॅडव्हाइस. मैत्रिणीचे तीन इंटरव्ह्यू झालेत, दोन नकार, एकाचं काही कळवलेलं नाही. ईएमआय चालूच आहे. एक्सेलमध्ये तिनं दोन शीट उघडल्यात, एक बाबांच्या व्यायामाचं, एक नोकरीच्या अर्जांचं. दोन्ही रोज भरते. काही दिवस दोन्हींत फक्त तारीख असते, पुढे काहीच नसतं. तरी तारीख टाकते.

आणि माझं काय? घाबरू नकोस आई, मी बाप्तिस्मा घ्यायला निघालेली नाही! मी अजून त्याच परीक्षेपुरत्या बाप्पाच्या कॅटेगरीत आहे. पण शनिवारपुढचं नाव खोडून मी माझं टाकून घेतलं.

शनिवारी रात्री अडीचच्या सुमाराला बाबा जागे झाले. माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग तोंड वाकडं करत, एकेक अक्षर जुळवत म्हणाले, "काहून... झोपली नाही तू?"

झटक्यानंतरचं त्यांचं पहिलं पूर्ण वाक्य. नर्सला सांगितलं, तर तिनं चार्टवर लिहून घेतलं. मैत्रिणीला फोन करायला हात गेला होता, पण म्हटलं नको. तिची पाळी काल होती. आज तिला झोपू दे. सकाळी सांगू.